चारशे बारा आंब्यांचा कबुलीजवाब

इतवारी, नागपूर
कोजागिरीनंतरचा मंगळवार, १९८७

तीर्थस्वरूप रुपरावमामा यांच्या चरणी, आणि त्यांच्या टेबलावरच्या लाल शाईच्या दौतीच्याही चरणी, भाचा गोविंदा याचा वाकून नमस्कार. तुळसामामीला नमस्कार सांगावा आणि तिच्या गुडघ्यांना आराम आहे की नाही ते कळवावं. इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत (मी सोडून, पण ते पुढे येईलच). तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असं कळलं, फार बरं वाटलं. हिरवी पट्टी सुटली का? सुटली नसेल तर हे पत्र कृपा करून दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नका. पोस्टमनकडून तर मुळीच नको, तो माणूस पत्र वाचता वाचता मध्येच आपलं मत देतो. पट्टी सुटेपर्यंत पत्र उशाखाली ठेवा. खरं सांगायचं तर ती चार दिवस उशिरा सुटली तरी माझी काही हरकत नाही.

पत्र शुद्ध लिहायचा प्रयत्न करतो आहे. मागच्या पत्राला तुम्ही दहापैकी साडेचार गुण देऊन ते लाल करून परत पाठवलंत, ते प्रेमिलानं शेजारीपाजारी दाखवलं. ज्या माणसाची बायकोला लिहिलेली चिठ्ठीसुद्धा मामाकडे तपासायला जायला हवी, असा माणूस कम्प्युटर कसा चालवतो, असं शेजारच्या बाई म्हणाल्या. त्यांचा प्रश्न बरोबर होता, हे आता कळून राहिलं आहे. (बघा, घसरलोच. कळतं आहे.)

मामा, तुमचं मागच्या महिन्यातलं कार्ड मिळालं. त्यात एकच ओळ होती, की आंब्यांची अख्खी यादी एकत्र छापून कधी देतोस, दिसायला लागलं की वाचीन म्हणतो. त्या कार्डाचं उत्तर द्यायला मी आजवर चार वेळा बसलो. एकदा पेन सापडलं नाही, एकदा शाई वाळली, एकदा पाहुणे आले आणि चौथ्यांदा सगळं जागेवर होतं म्हणून मीच उठून बाहेर गेलो. आज मात्र सांगतो. तुम्हाला बरंचसं माहीत आहे, तरी पहिल्यापासून सांगतो, कारण चोराला कबुली द्यायची झाली की तो घरातून निघाला तिथपासून सुरुवात करतो.

तुम्ही मास्तरकी सोडल्यावर अकरा वर्षं अकरा गावांची शिवारं पायी तुडवलीत आणि एकेका गावरान आंब्याचं नाव, चव, ठिकाण, कुणी लावला, कुणी कुणाशी त्यावरून भांडण केलं, हे सगळं अकरा वह्यांत उतरवलंत. चारशे बारा झाडं. लोक तुम्हाला हसले. मामी म्हणाली, माणसं मेली की त्यांची नावं विसरतात, हे झाडांची लिहून ठेवून राहिले. पण मग संत्र्याच्या बागांसाठी एकेक बांधावरचं झाड पडायला लागलं आणि तुमच्या वहीतल्या निम्म्याहून अधिक आंब्यांच्या नावापुढे तुम्ही लाल शाईनं फुली मारलीत. ती झाडं आता फक्त वहीत होती, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी जे केलं ते केलं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या बागायतदार संघात कम्प्युटर आला. खाली भांड्यांचं दुकान, तिथे दिवसभर ठोकाठोक. वर आमचं ऑफिस, आणि त्यात एक काचेची थंडगार खोली. त्या खोलीत चप्पल घालून जायची बंदी. आमचे शिपाई दादाजी दाराशी स्टुलावर बसतात आणि मॅनेजर भैय्याजींनाही अनवाणी केल्याशिवाय आत सोडत नाहीत. (दर गुरुवारी ते मशीनला उदबत्ती ओवाळायचे. धूर आत जातो म्हणून मी मनाई केली, तर आता दाराबाहेरून ओवाळतात.) तर जेवणाच्या सुट्टीत तुमचे आंबे त्यात घालायची भैय्याजींनी परवानगी दिली, आणि मी दीड वर्ष एका हातानं पोळी खात, एका हातानं तुमच्या वह्या उतरवल्या. मशीनला मराठी अक्षरं येत नाहीत, म्हणून मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. एकेका आंब्याचं एकेक पान. पाडव्याला काम संपलं.

त्या दिवशी मी तुमच्याकडे पुरणपोळी खायला आलो होतो आणि तोंडात घास असताना जे बोललो, ते ऐका. मी म्हणालो, मामा, आता ह्या वह्या कशाले ठेवता, कागदाले उधई लागते, मशीनले लागत नाही. तुम्ही पोळीवर आणखी तूप घेतलंत. मामीनं मात्र ते लगेच उचलून धरलं, कारण वह्यांनी अडवलेली फळी रिकामी व्हायची ती अकरा वर्षं वाट पाहत होती. पंधरा दिवसांत वह्यांची पानं सुटी झाली आणि पापडांच्या थरांमध्ये जाऊन बसली. मला पुढच्याच महिन्यात पापडांचा डबा आला. पापड फार खुसखुशीत होते, हे मामीला जरूर सांगा.

आता खरी गोष्ट. मशीन बिघडलं तर काय, म्हणून त्याची नक्कल टेपवर घेऊन ठेवतात, तिला बॅकअप म्हणतात. मुंबईहून आलेल्या इंजिनियरनं पाडव्याच्या सुमारास मला ते शिकवलं. एकदा सगळ्याच्या सगळ्या चारशे बारा आंब्यांची एक मूळ टेप काढायची. त्यानंतर रोज सगळं उतरवत बसायचं नाही. वेळ जातो, टेपही पुरत नाही. मशीनला एकदा सांगून ठेवायचं, की रोज दुपारी दीड वाजता तूच बघ, कालपासून कोणत्या पानाला हात लागला, आणि तेवढंच रोजच्या टेपवर उतरव. ज्याला हात लागला नाही त्याच्याकडे ढुंकूनही पाहू नको, ते मूळ टेपवर आहेच. मी चार दिवस खपून तशी आज्ञा लिहिली आणि ती चालली! दीड वाजला, आम्ही डबे उघडले, की आत टेप आपोआप कुरकुर फिरायला लागायची. दादाजी तर पहिल्या दिवशी हात जोडून उभे राहिले. मीही मनातल्या मनात स्वतःला हात जोडले. इंजिनियर जाताना दोनदा म्हणाला होता, की मूळ टेप जिवापाड जपा. मी दोनदा हो म्हणालो होतो.

पण मामा, माझं डोकं तुम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे. माझ्या डोक्यात ते दह्यासारखं बसलं. कालच्या दह्याचं विरजण आज लावलं, की काल आजमध्ये आला, मग कालचं भांडं घासून टाकायला हरकत नाही. मला वाटलं, रोज टेपवर जातं आहे, म्हणजे मूळचं सगळं हळूहळू रोजच्या टेपांत उतरतच असणार. म्हणून मूळ टेपवर मी माझ्या हातानं चिठ्ठी चिकटवली, ‘जुनी’. आणि ती खालच्या खणात, फाटक्या छत्रीशेजारी ठेवून दिली.

आला पोळा. दुसऱ्या दिवशी मारबत. तुम्हाला आमच्या इतवारीतली ती धूम माहीत आहे, काळ्या-पिवळ्या मारबतींचे मोठाले पुतळे निघतात आणि मागून वर्षभर ज्याचा राग आला त्याच्या सोंगाचे बडगे. यंदा आमच्या खालच्या भांडेवाल्यांनी ठरवलं की बडग्या करायचा तो कम्प्युटरचा, कारण तो म्हणे माणसांच्या नोकऱ्या खाणार आहे. (त्यांच्या ठोकाठोकीची नोकरी कम्प्युटर कशी खाईल, हे मी विचारलं. ते म्हणाले, आज नाही तर उद्या.) खोक्यांचं धड झालं, तव्याचं तोंड झालं, आणि मग ते वर आले, की एखादी खरी वस्तू द्या, म्हणजे बडग्याला शोभा येईल. भैय्याजी म्हणाले, द्या काही जुनंपानं. दादाजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी पाहिलंच, मामा, ते मला आज आठवतं. ते म्हणाले, बाबू, मशीनची वस्तू हाये, इचार करून द्या. आणि मी, कम्प्युटर शिकलेला माणूस, हसून म्हणालो, दादाजी, जुनं ते जुनंच राहते, त्याचा मोह धरू नये. आणि खालच्या खणातली टेप काढून दिली.

भांडेवाल्यांनी ती फोडून आतली पट्टी उलगडली. केवढी लांब निघाली! तपकिरी, चकचकीत. बडग्याच्या गळ्यात तिचे हार घातले, कमरेला करदोडा बांधला, उरलेल्या पट्टीची शेपटी केली. मिरवणूक आमच्या घराच्या गॅलरीखालून गेली तेव्हा उन्हात ती अशी झगमगत होती, की मी प्रेमिलाला बोलावून दाखवली. तुमचे चारशे बारा आंबे बडग्याच्या गळ्यात नाचत होते आणि मी वरून दोन्ही हात वर करून, घसा फोडून ओरडत होतो, ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत!’ आणि ती घेऊन गेली, मामा. शेवटी बडग्या जाळतात, तसा तो जाळला. मी गॅलरीत उभ्याउभ्या चिवडा खाल्ला.

त्यानंतर तीन आठवडे काही झालं नाही. मग नवरात्राच्या आदल्या आठवड्यात एका दुपारी वीज गेली, आली, परत गेली, आणि परत आली ती अशी आली की काचेच्या खोलीतून सुपारी कातरल्यासारखा आवाज यायला लागला. मशीनच्या पोटातली डिस्क गेली. मी घाबरलो नाही. उलट दादाजींना म्हणालो, घाबरू नका, आपला बॅकअप आहे. चार दिवसांनी इंजिनियर नवी डिस्क घेऊन आला, ती बसवली, आणि माझ्यापुढे हात करून म्हणाला, आणा मूळ टेप.

मी म्हणालो, मूळ कशाला, रोजच्या आहेत ना, एकशेवीस दिवसांच्या!  मग त्यानं खुर्ची ओढली आणि पहिलीतल्या पोराला सांगावं तसं मला सांगितलं. ते दही नव्हतं. ती गोधडीची ठिगळं होती. मूळ कापड मी जाळायला दिलं होतं आणि ठिगळांचा गठ्ठा जपून ठेवला होता. एवढं कळायला मला पाच मिनिटं लागली, आणि त्या पाच मिनिटांत मी आयुष्यात पहिल्यांदा थंड खोलीत घामाघूम झालो.

(संघाचं काय झालं, हे तुम्ही विचाराल. संघाचं काहीच झालं नाही. भैय्याजींचा मशीनवर पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता, त्यांनी बागायतदारांची सगळी माहिती रजिस्टरात हातानं लिहून ठेवली होती आणि मला ते सांगितलंही नव्हतं. गेले ते फक्त तुमचे आंबे.)

ठिगळं लावून पाहिली. चारशे बारांपैकी एकसष्ट निघाले. आणि कोणते निघाले ते ऐका, कारण इथे मला हसू आलं आणि मग तोंड फिरवून डोळे पुसावे लागले. पाडव्यानंतर ज्या पानाला हात लागला तेवढीच रोजच्या टेपवर गेली होती. हात कधी लागायचा? मशीनवर छापलेले कागद मी तुम्हाला तपासायला पाठवायचो (वाचून झाले की ते मामीच्या चुलीत जायचे), त्यांत चूक सापडून तुमचं लाल कार्ड यायचं तेव्हा. म्हणजे मी जिथे जिथे चुकलो, तेवढेच आंबे वाचले. शेपू आंबा वाचला, कारण मी ‘वास चांगला’ असं लिहिलं होतं आणि तुमचं कार्ड आलं होतं, की चांगला कोणी सांगतला तुले, शेपूवानी वास येते, बैलबी तोंड फिरवते. रडक्या आंबा वाचला, कारण मी तो नाल्याच्या मावळतीला घातला आणि तुम्ही विचारलंत, मसणवटीत काहून लावून राहिला गा त्याले. सावत्या वाचला, वरून पिवळा आणि आतून जीभ सोलणारा. नाकाड्या वाचला, दात्या वाचला, ज्याच्या खाली बसून माणसं फक्त भांडायची तो कज्ज्याही वाचला. पण साखऱ्या गेला. खोबऱ्या गेला, केळ्या गेला, दह्या गेला. लहानपणी उन्हाळाभर तुमच्याकडे राहून मी हेच तर खाल्ले होते, त्यांच्यात मी चुकणार कसा? गोड तेवढा एकूण एक आंबा मी बरोबर लिहिला होता. आज मशीनला विचाराल तर आपल्या अकरा गावांत कुणी कधी गोड आंबा खाल्ला नाही.

आणि देवकीचा आंबा गेला.

त्याबद्दल लांबण लावत नाही. माझी माय, तुमची देवकी, सात वर्षांची असताना तिनं न्हाणीच्या दगडामागे कोय पुरली आणि तुम्ही म्हणालात, उगवला तर मिशी काढीन (तुम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतात, काढायला मिशी नव्हती). तो न्हाणीच्या पाण्यावर वाढला. मायचं लग्न होऊन ती नागपूरला आली, मग त्याला पहिल्यांदा फळ धरलं, तेव्हा तुम्ही पहिला पाड धोतराच्या सोग्यात बांधून, पायी आणि बैलबंडीनं, तिच्यापर्यंत आणलात. तुमच्या वहीत त्याचं दीड पान होतं. ते उतरवताना मी डबा बाजूला ठेवला होता, हात धुऊन बसलो होतो, आणि तीनदा वाचून पाहिलं होतं. ते झाड पडलं त्याच वर्षी माय गेली, म्हणून. तुम्हाला कागद पाठवला तर तुमचं कार्ड आलं, त्यात एकच शब्द होता, ‘बरोबर’. तुम्ही मला आयुष्यात दिलेला तो पहिला ‘बरोबर’, मी तो कपाटाला आतून चिकटवून ठेवला आहे. तुम्ही एका अक्षराची चूक जरी काढली असती तरी ते पान आज असतं. पण त्याची तुम्ही काळजी करू नका. ते पान माझ्या डोक्यात पक्कं आहे. तो पाड चाखून माय काय म्हणाली, तेही आठवतं. ती म्हणाली होती, आंबट हाये, पण आपला हाये.

बाकीच्या साडेतीनशे आंब्यांसाठी मी तुमचा अपराधी आहे. अकरा वर्षं तुम्ही उन्हातान्हात चाललात आणि मी एका टेपवर ‘जुनी’ लिहून ते सगळं नाचवत पाठवलं. रागवा. लाल शाई संपेपर्यंत रागवा. मला बोलायला तोंड नाही, म्हणून तर लिहून राहिलो आहे.

मामीला पुन्हा नमस्कार. तुमच्या दुसऱ्या डोळ्यालाही लवकर उजेड येवो.

तुमचा साडेचार गुणांचा भाचा,
गोविंदा

ता. क. मामीला म्हणावं, पापडांचा डबा यंदाचा उरला असेल तर पापड तुम्ही ठेवा, मधले कागद तेवढे पाठवा. आमच्या डब्याच्या तळाशी प्रेमिलाला एक तेलकट पान सापडलं. मी देवाचं नाव घेऊन उजेडात धरलं. शेपू आंबा निघाला.

ता. क. दुसरी. आता अक्कल आली म्हणून या पत्राची कार्बननं नक्कल करून ठेवत होतो. कार्बन उलटा लागला. नक्कल पत्राच्याच पाठीवर उमटली आहे, आरशात धरून वाचता येईल. म्हणजे दोन्ही प्रती तुमच्याकडेच आल्या, माझ्याकडे एकही नाही.

ता. क. तिसरी. मामा, एक खोटं लिहिलं आहे वर. माय काय म्हणाली ते मले आठवत नाही. तीनदा वाचलं होतं, तरी गेलं. वर लिहिलं ते मीच बनवलं, असलं तर शाळेच्या पुस्तकातल्या बाया बोलतात, माय कधीच बोलत नव्हती. तुमच्याशिवाय ते आता कोणालेच माहीत नाही. तुम्ही रागानं मले उत्तर देणार नाही, हे मले समजते. पण मायच्या तोंडी चुकीचं वाक्य घातलेलं तुमच्यानं पाहवणार नाही, हेही मले समजते. म्हणून त्या ओळीखाली जागा सोडून ठेवली आहे. पट्टी सुटली की लाल दौत काढा.